परदेशातली वकिलात आणि आपल्या उसाचा भाव



गळीत हंगाम, तोडणीचा कार्यक्रम आणि खोडव्याची निगा यांवर आम्ही या पानांतून नेहमीच लिहितो. आजचा विषय जरा निराळा आहे. तो सुचला आपल्याच शेअर्स खात्याच्या टेबलाशी.

एक जुने सभासद वारले. त्यांचे शेअर्स वारसांच्या नावे करायचे होते. दोन मुलगे, धाकटा इथे शेती बघतो, थोरला नोकरीनिमित्त दुबईला. थोरल्याने कोऱ्या कागदावर संमती लिहून, सही करून, मोबाईलवर तिचा फोटो पाठवला. आमच्या खात्याने तो अर्थातच परत केला आणि सांगितले, "तिथल्या आपल्या वकिलातीतून रीतसर मुखत्यारपत्र करून आणा." धाकट्याबरोबर आलेले चुलते एकदम म्हणाले, "वकिलात? तिकडं वकील लावायचा का काय? आपली केस कुठं चालू हाय?" सगळे हसले. चुलतेही हसले. पण मग आमच्या मनात आले, की हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बारामती-इंदापूर तालुक्यांत आता अशीही घरे आहेत, की ज्यांतले कोणी ना कोणी परदेशी आहे. आणि ज्यांचे कोणी नाही, त्यांची साखर तरी गेलेली आहेच. म्हणून ही वकिलात काय असते, काय करते आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घेऊ.

गट ऑफिस आणि मुख्य कार्यालय

"वकिलात" हा शब्द आपल्याला नवा नाही. पेशवाईत एका दरबाराचा माणूस दुसऱ्या दरबारात राही, त्याला वकील म्हणत. तो कोर्टातला वकील नव्हे. आपल्या धन्याची बाजू मांडणारा आणि तिथली खबर धन्याला कळवणारा माणूस. इंग्रजांचा चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्यात पेशव्यांच्या दरबारी असाच राहिला होता. संगमावर त्यांची रेसिडेन्सी होती. काळ बदलला, काम बरेचसे तेच राहिले.

आज यात दोन प्रकार आहेत. देशाच्या राजधानीत असतो तो दूतावास. तिथे राजदूत असतो आणि तो सरकारशी बोलतो. त्याच देशातल्या दुसऱ्या मोठ्या शहरांत असते ते वाणिज्य दूतावास, म्हणजे कौन्सुलेट. आपल्या भाषेत सांगायचे तर दूतावास हे कारखान्याचे मुख्य कार्यालय आणि वाणिज्य दूतावास हे गट ऑफिस. धोरण मुख्य कार्यालयात ठरते. पण सभासदाची नोंद, तक्रार, दाखला हे सारे गट ऑफिसातच होते. संयुक्त अरब अमिरातीत आपला दूतावास अबू धाबीला आहे आणि वाणिज्य दूतावास दुबईला. इंडोनेशियात दूतावास जकार्ताला, तर सुमात्रा बेटावर मेदान शहरात वाणिज्य दूतावास. ब्राझीलमध्ये राजधानी ब्राझिलियात दूतावास आणि साओ पावलोला वाणिज्य दूतावास. या साओ पावलो राज्यात ब्राझीलचा सर्वात जास्त ऊस पिकतो, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या कचेऱ्यांचे काम मनाला येईल तसे चालत नाही. १९६३ साली व्हिएन्ना येथे त्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि आपला देश १९७७ मध्ये त्यात सामील झाला. करारात कामांची यादीच दिलेली आहे. आपल्या नागरिकांचे हितरक्षण, व्यापार, संस्कृती व विज्ञान यांतले संबंध वाढवणे, तिथल्या बाजाराची माहिती कायदेशीर मार्गाने मिळवून मायदेशी कळवणे, पासपोर्ट व व्हिसा देणे, नोटरीचे काम, वारसाच्या मालमत्तेत मदत, अडचणीतल्या जहाजांना साहाय्य ही त्यांतली मुख्य. म्हणजे व्यापार हा त्या कचेरीचा जोडधंदा नाही, ते तिचे नेमून दिलेले काम आहे.

साखरेचा रंग आणि इंडोनेशियाचा दरवाजा

आता आपल्या साखरेकडे येऊ. देशात साखर खपापेक्षा जास्त झाली की भाव पडतो, गोदामात पोती अडकतात, बँकेचे व्याज चढत राहते आणि उसाची बिले रखडतात. हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. २०१७-१८ आणि २०१८-१९ या हंगामांत आपण सर्वांनी ते भोगलेले आहे. अशा वेळी एक वाट म्हणजे साखर देशाबाहेर काढणे. पण घेणार कोण?

इंडोनेशिया हा कच्ची साखर घेणारा फार मोठा देश. तो थायलंडची घेई, ऑस्ट्रेलियाची घेई, आपली मात्र घेत नसे. कारण ऐकून नवल वाटेल. आपली साखर त्यांना जरा जास्तच पांढरी पडत होती! साखरेचा रंग मोजायचे एक जागतिक माप आहे, त्याला 'इकुम्सा' म्हणतात. आकडा जेवढा कमी तेवढी साखर पांढरी. इंडोनेशियाचा नियम असा, की कच्ची साखर म्हणून जी येईल तिचा आकडा १२०० च्या वर पाहिजे. कच्ची म्हणून आणलेली साखर कारखान्यात शुद्ध न होता परस्पर दुकानात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. आपल्या कच्च्या साखरेचा आकडा साधारण त्याच्या खालीच असतो. शिवाय आपल्या साखरेवर आयात कर १० टक्के, तर थायलंड-ऑस्ट्रेलियाच्या साखरेवर ५. थोडक्यात, दाराला दोन कुलपे होती.

ही कुलपे एकटादुकटा कारखाना उघडू शकत नाही. चेअरमनसाहेब विमानाने जकार्ताला गेले तरी तिथला कायदा बदलणार नाही. तिथे सरकारने सरकारशीच बोलावे लागते. दिल्ली आणि जकार्ता यांची बोलणी झाली. त्यांना आपल्याकडे पामतेल विकायचे होते, आपल्याला त्यांच्याकडे साखर. घेवाण-देवाण ठरली आणि २०२० च्या सुमारास इंडोनेशियाने आपल्या साखरेसाठी रंगाची अट १२०० वरून ६०० वर आणली व कर ५ टक्के केला. त्याच जानेवारीत मलेशियाच्या एका मोठ्या साखर कंपनीने आपल्याकडून १ लाख ३० हजार टन कच्ची साखर घेण्याचे जाहीर केले. त्या वेळी पामतेलावरून दोन्ही देशांत ताण होता. म्हणजे राजकारणातला ताण असो की सलोखा, तो शेवटी साखरेच्या पोत्यापर्यंत पोहोचतो.

अशा बोलण्यांची तयारी कोण करते? तिथे कायम बसलेला व्यापार खात्याचा अधिकारी. कोणता कारखाना कोणती साखर घेतो, नियम काय आहे, तो का आहे, दुसऱ्या देशाला काय सवलत दिली आहे, ही टिपणे आधी होतात आणि मंत्री नंतर सह्या करतात. आपला शेतकी अधिकारी लागणीची नोंद घेतो तेव्हा पुढे गाळपाचा अंदाज बांधता येतो, त्यातलाच हा प्रकार.

परिणाम आकड्यांत पाहा. देशाची साखर निर्यात २०१७-१८ मध्ये सुमारे ६ लाख टन होती. पुढच्या हंगामात ती ३८ लाख टन झाली, त्यापुढच्यात जवळजवळ ६० लाख, २०२०-२१ मध्ये सुमारे ७० लाख आणि २०२१-२२ मध्ये सुमारे ११० लाख टन. आजवरचा हा उच्चांक. आणि ते शेवटचे वर्ष सरकारी अनुदानाशिवायचे होते. सगळे श्रेय वकिलातींचे असे आम्ही म्हणणार नाही. थायलंडात दुष्काळ पडला, ब्राझीलमध्येही पाऊस कमी झाला, जगात भाव चढला. पण भाव चढला तेव्हा दार उघडे होते, ही गोष्ट महत्त्वाची.

साओ पावलोचा संबंध इथे येतो. ब्राझीलच्या मुख्य पट्ट्यात गाळप एप्रिलच्या सुमारास सुरू होते; आपले तेव्हा संपत आलेले असते. त्यांची साखर बाजारात येण्याआधी आपली विकली गेली तर चार पैसे जास्त. तिथला ऊस कसा आहे, कारखाने साखर जास्त करणार की इथेनॉल, ही खबर वेळेवर कळणे म्हणजे आपल्यासाठी पैसाच आहे.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. दार उघडायला वर्षे लागतात, बंद व्हायला एक आदेश पुरतो. जून २०२२ पासून आपल्याच सरकारने निर्यातीवर मर्यादा घातली. देशात भाव चढू नयेत हा हेतू. २०२३-२४ च्या हंगामात निर्यात जवळजवळ झालीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली. दरम्यान गिऱ्हाईक काही उपाशी बसत नाही, ते दुसऱ्या दुकानात जाते. वकिलातीने जोडलेले गिऱ्हाईक टिकवायचे तर धोरणात सातत्य लागते. ही मागणी सहकारी चळवळीने धरून ठेवलीच पाहिजे.

आपल्या उसाची किंमतच वादात

कुणी म्हणेल, "निर्यातीचं ते कारखाना बघंल, आमचा काय संबंध?" संबंध थेट आहे. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे आपल्याविरुद्ध तक्रार केली. तक्रारीचा रोख दोन गोष्टींवर होता: साखर निर्यातीला दिलेली मदत आणि उसाला बांधून दिलेला किमान भाव, म्हणजे आपली एफआरपी. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या लवाद मंडळाने निकाल दिला, की २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेला आधार ठरलेल्या १० टक्के मर्यादेच्या वर गेला. आपल्या सरकारने त्यावर अपील केले. पण अपील ऐकणाऱ्या मंडळावर न्यायाधीशच नेमलेले नसल्याने २०१९ च्या डिसेंबरापासून ते मंडळ बंद पडले आहे. त्यामुळे निकाल लागूही झाला नाही आणि रद्दही झाला नाही. टांगलेला राहिला.

ही लढाई जिनिव्हा शहरातल्या आपल्या कायम प्रतिनिधी कार्यालयामार्फत लढली जाते. आमच्या चुलत्यांचा प्रश्न इथे मात्र खरा ठरला: केस चालू आहे, आणि ती आपल्याच उसाची आहे!

द्राक्षाने शिकवलेला धडा

वकिलातीचे हात कुठे थांबतात, हे आपल्या भागातल्या द्राक्ष बागायतदारांना विचारावे. इंदापूर तालुक्यात बोरी परिसरात द्राक्षाची निर्यात करणारे शेतकरी आहेत. आपले काही सभासदही ऊस आणि द्राक्ष दोन्ही करतात. २०१० साली भारताची द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडली. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचा अंश त्यांत सापडला. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. किलोत एवढा अंश म्हणजे किती, तर दोन कोटी भागांत एक भाग! सरकारी पातळीवर बोलणी झाली, पण अंश निघालेला माल कुठल्याही राजदूताला गोड करता आला नाही. बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले.

त्याआधीच अपेडा या सरकारी संस्थेने 'ग्रेपनेट' नावाची व्यवस्था उभी केली होती. तीत बागेची नोंद होते, औषधाचा हिशेब राहतो आणि माल निघण्याआधी प्रयोगशाळेत तपासणी होते. २०१० नंतर ती तपासणी आणखी कडक झाली. धडा साधा आहे. वकिलात दार उघडून देते. आत काय न्यायचे ते आपल्या रानात ठरते. उसालाही हे लागू आहे. पाचट, माती, शिळा ऊस गव्हाणीत गेला, की साखरेची प्रत बिघडते आणि मग जकार्ताच्या करारावर कितीही सह्या झाल्या तरी आपले पोते मागेच राहते.

मुंबईतल्या परक्या कचेऱ्या आणि आपली बारामती

जशा आपल्या कचेऱ्या तिकडे, तशा त्यांच्या मुंबईत. नेदरलँड, इटली, इस्राएल, जर्मनी, अमेरिका, ब्राझील अशा कितीतरी देशांचे वाणिज्य दूतावास मुंबईत आहेत. महाराष्ट्रात कुठे काय पिकते, कुठे जागा आहे, कोणता उद्योग चालेल, ही माहिती ते आपापल्या देशाला देतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत इटलीच्या पियाजिओची वाहने तयार होतात, इटलीच्याच फेरेरोचा चॉकलेटचा कारखाना आहे. असे कारखाने आले की इंजिनियर, यंत्रे आणि कागदपत्रे यांची ये-जा चालूच राहते आणि तिच्या सोयीसाठी जवळ कचेरी लागते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात नेदरलँडच्या सहकार्याने भाजीपाला गुणवत्ता केंद्र उभे आहे. आपल्या सभासदांनी तिथली रोपे व संरक्षित शेती जरूर पाहावी.

इस्राएलची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. भारताने त्या देशाला १९५० मध्ये मान्यता दिली, पण राजदूतांची देवाणघेवाण केली नाही. १९५३ पासून मुंबईत त्यांचे फक्त वाणिज्य दूतावास होते. १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४० वर्षे, दोन देशांमधला हा एवढाच धागा होता. १९८२ साली तर तिथल्या अधिकाऱ्याने वृत्तपत्राच्या मुलाखतीत आपल्या सरकारच्या धोरणावर टीका केली, म्हणून त्याला देश सोडावा लागला. तरी कचेरी राहिली. कोकणातले आणि मुंबईतले कितीतरी मराठी बोलणारे बेने इस्राएली बांधव तिकडे स्थायिक झाले आणि तिथेही त्यांनी मराठी जपली. १९९२ मध्ये पूर्ण संबंध जुळले, आणि पुढे शेतीचा करार होऊन महाराष्ट्रात दापोलीला आंबा, राहुरीला डाळिंब, नागपूरला संत्रा-मोसंबी अशी गुणवत्ता केंद्रे निघाली. आज उसात ठिबक टाकताना आपण ज्या देशाचे नाव घेतो, त्याच्याशी बोलण्याचा रस्ता एका लहानशा कचेरीने ४० वर्षे मोकळा ठेवला होता.

संकटात कोण?

१९९० साली इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथे अडकलेले सुमारे पावणेदोन लाख भारतीय विमानांनी परत आणले गेले. २०२२ मध्ये युक्रेनमधून २२ हजारांवर लोक आले. त्यांत महाराष्ट्रातली डॉक्टरकी शिकणारी मुले पुष्कळ होती. अशा वेळी कोण कुठे आहे याची यादी ज्या कचेरीकडे असते, तीच हाक मारू शकते. म्हणून नाव नोंदवलेले असावे.

परदेशात कुणाला अटक झाली, तर आपल्या वकिलातीला कळवण्याचा व तिच्या माणसाला भेटण्याचा हक्क त्याला आहे. व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम ते सांगते. आपल्या महाराष्ट्राचे कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने ही भेट नाकारली, म्हणून भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पाकिस्तानने त्या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला. एक कलम माणसाच्या जिवाशी कसे निगडित असते, ते यावरून दिसते.

मात्र गैरसमज नको. वकिलात कुणाला तुरुंगातून सोडवू शकत नाही, तिथल्या कोर्टाचा निकाल फिरवू शकत नाही, कुणाचे कर्ज फेडत नाही आणि नोकरीही लावून देत नाही.

सभासदांनी एवढे करावे

१. परदेशातल्या वारसाने शेअर्स, सातबारा किंवा वाटणीसाठी मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर त्याने स्वतः वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करावी. तो कागद इथे आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. मुदत विसरू नये.

२. परदेशी राहणाऱ्या वारसाला वडिलोपार्जित शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते. पण नवी शेतजमीन विकत घेण्यावर निर्बंध आहेत. व्यवहार करण्याआधी चौकशी करावी.

३. दहावी न झालेल्या मुलाला आखातात कामाला पाठवताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. नोंदणीकृत एजंटाकडूनच जावे. टुरिस्ट व्हिसावर "तिकडं गेल्यावर बघू" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

४. पासपोर्ट, करारपत्र आणि वकिलातीचा पत्ता-फोन यांची एक प्रत घरी ठेवावी. तक्रारीसाठी परराष्ट्र खात्याची 'मदद' ही सोय २०१५ पासून आहे.

५. फळे किंवा भाजी निर्यात करणाऱ्यांनी औषधाची नोंदवही रोजच्या रोज लिहावी.

त्या थोरल्या मुलाचे मुखत्यारपत्र पुढे दुबईहून रीतसर झाले, मुद्रांक लागला आणि शेअर्स दोघा भावांच्या नावे चढले. चुलते पुन्हा भेटले तेव्हा म्हणाले, "म्हंजे आपलं गट ऑफिसच की हो ते, फक्त लांब हाय." आम्हाला एवढ्या पानांत जे सांगायचे होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. गट ऑफिसात जसे आपण हक्काने जातो, तसेच त्या दारातही हक्काने जावे. आणि गट ऑफिसाला जसा चांगला ऊस द्यावा लागतो, तसाच त्या दारातून चांगलाच माल जावा.

जय सहकार!